कानाचा शेरा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजच्या बैठकीला खरा खर्च किती आला ते आधी मांडून ठेवतो. चौदा माणसं, प्रत्येकी साडेसहा तास. दोनशे अडतीस पानांचा मसुदा, त्याच्या पंधरा प्रती. पंधरावी कुणासाठी ते कुणालाच माहीत नाही. चहाच्या तीन फेऱ्या. विमान कंपनीच्या बाईंचं परतीचं विमान, जे त्यांच्याच कंपनीचं होतं आणि त्यांना सोडून निघून गेलं. कारखान्यातला माझा एक अख्खा दिवस. एवढं सगळं ओतून हाती काय लागलं, तर पुढच्या बैठकीची तारीख. तीही तात्पुरती.

देशाची हवाई वाहतूक आधुनिक करायची आहे, आणि ती सरकारने व उद्योगांनी एका टेबलाशी बसून करायची आहे. म्हणून ही राष्ट्रीय समिती. सरकारचे आठ, उद्योगांचे सहा. सहांपैकी पाच टाय लावतात. सहावा मी.

मी हेडसेट बनवतो. टॉवरमध्ये बसून विमानांना चढवणारे-उतरवणारे जे कंट्रोलर असतात, त्यांच्या कानांवरचे. बाराव्या वर्षी एका दुकानात फळीखाली बसून लोकांचे रेडिओ उघडायला लागलो, आज माझ्याकडे त्रेचाळीस माणसं कामाला आहेत. शाळा आठवीपर्यंत. बाकीचं सगळं या दोन कानांनी शिकलो. हे मी आज बैठकीतही सांगितलं, आणि पुढे हेही सांगितलं की पंचवीस वर्षांत माझ्या कानांतून सुटून एकही खराब नग कारखान्याबाहेर गेलेला नाही. टायवाल्यांनी माना डोलावल्या. त्यांना असं काही सांगता येत नाही.

मला समितीत घ्यायचं कारणही हे कानच. तीस-एक वर्षांपूर्वी खात्याकडे आवाज मोजायचं यंत्र नव्हतं. तेव्हाचे मुख्य अभियंता मला बोलवायचे, हेडसेट डोक्यावर चढवायचे आणि म्हणायचे, "ऐक आणि लिही." मी लिहायचो: 'ऐकले. स्वच्छ.' नाहीतर: 'ऐकले. घरघर आहे.' पुढे त्याचा छापील रकानाच झाला. रकाना क्रमांक चौदा, श्रवण-शेरा. खात्यात सगळे त्याला कानाचा शेरा म्हणतात. तो पडल्याशिवाय आजही टॉवरमध्ये बोलण्या-ऐकण्याची कुठलीच वस्तू बसत नाही. मंत्र्याची सही नंतर, माझी आधी.

बैठकीत कुणीच बोललं नाही ती गोष्ट इथे लिहून ठेवतो. मागच्या वर्षी टॉवरमधल्या जुन्या तारा भर दुपारी चार मिनिटं मुक्या झाल्या. वर अकरा विमानं होती. त्या खुर्चीवर माझी मुलगी होती. त्या दिवशी घरी आली आणि अर्धा तास बूट न काढता नुसती बसून राहिली. या तारा बदलायलाच हव्यात. मी या समितीत चहा प्यायला बसलेलो नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज योजनेच्या नावावर दोन तास चाळीस मिनिटं. 'आधुनिकीकरण' म्हटलं तर आजवर आपण मागासलेले होतो असा अर्थ निघतो, असं मंत्रालयाचं म्हणणं. 'सुधारणा' म्हटलं तर आजवर बिघाड होता असा. 'परिवर्तन' हा शब्द दुसऱ्या खात्याने आधीच घेऊन ठेवलाय. मी म्हटलं, "तारा बदलणे, असं नाव द्या." कुणी हसलं नाही. सदस्य-सचिवांनी ते लिहूनसुद्धा घेतलं.

नवी यंत्रणा बसवणाऱ्या बड्या कंपनीचा माणूस माझ्या शेजारी बसतो. त्याला पाणी हवं असलं तरी तो पडद्यावर चित्र दाखवून मागेल, म्हणून मी त्याचं नाव स्लाइडकर ठेवलंय. माणूस मुळात वाईट नाही. माझ्याकडे वाकून म्हणाला, "साहेब, शेवटी सगळं तुमच्या शेऱ्यावर आहे. बाकी ही सगळी करमणूक."

खुशामत कळते मला. तरी बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

किटलीत पाणी ठेवून पेपर वाचत स्वयंपाकघरातच बसलो होतो. ही वरच्या मजल्यावरून धावत खाली आली. किटली जळून काळी, घरभर वास.

"अहो, शिट्टी वाजून वाजून बसली की! शेजारच्यांनी खिडकीतून हाक मारली मला."

"वाजलीच नाही."

"तुमच्यापासून चार हातांवर होती."

"चार हातांवर होती म्हणूनच सांगतोय, वाजली नाही. आजकालच्या शिट्ट्यांत दम नसतो. पत्रा पातळ."

मुलगीही एवढ्यात बाहेरून आली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बायकांचं हे एक असतं: वस्तू निकामी निघाली की दोष माणसाचा.

नवी किटली आणली. तीही तसलीच निघाली. वस्तू बनवण्याची लाजच उरली नाही लोकांना.

४ मार्च, मंगळवार

आज नव्या यंत्रणेची चाचणी. टॉवरच्या खालच्या मजल्यावर एका खोलीत दोन खुर्च्या, दोन पडदे आणि माझे नवे हेडसेट. नवी यंत्रणा पास झाली तर बावीस विमानतळांवर माझे बाराशे हेडसेट बसणार आहेत. लपवून कशाला ठेवू, ही वही माझीच आहे.

तीन तास ऐकलं. डोळे मिटून, श्वास रोखून. काय आवाज होता! जुन्या तारांवर पायलट बोलला की पोत्यात कोंबलेला माणूस बोलतोय असं वाटायचं. हा तर शेजारी बसून बोलतोय. मागे घरघर नाही, खरखर नाही, काही नाही. मला खरंच भरून आलं. फळीखाली बसलेल्या पोराने असा आवाज ऐकण्यासाठी पन्नास वर्षं घालवली.

समितीच्या अध्यक्षांनीही मिनिटभर कानाला लावून पाहिलं. त्यांचं तोंड आंबट झालं, एक डोळा बारीक झाला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगितलं, स्वच्छ आहे. त्यांनी लगेच हेडसेट खाली ठेवला आणि म्हणाले, "वा. उत्तम." अध्यक्षांना सवय नाही, घट्ट बसला असेल.

मग कंट्रोलर ऐकायला आले. मुलगी आणि तिचा एक सहकारी, ज्याला सगळे दाढीवाला म्हणतात. दहा मिनिटांत दोघांनी हेडसेट उतरवले.

"शिट्टी आहे," दाढीवाला म्हणाला.

"कसली शिट्टी?"

"बारीक. सतत. डास कानात शिरल्यासारखी."

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "खरंच आहे. बोलणं थांबलं की जास्त जाणवते. दहा मिनिटं चालेल, सहा तास नाही चालणार."

मी पुन्हा लावला. पुन्हा डोळे मिटले. शांतता, निव्वळ शांतता. सगळ्यांदेखत म्हणालो, "अगं, तुम्हा लोकांना खरखरीची इतकी सवय झालीय की शांततासुद्धा टोचते." स्लाइडकर मोठ्याने हसला. मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. राग असता तर मला कळला असता. राग नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

सतरा कंट्रोलरांच्या सह्यांचं पत्र समितीकडे आलं. 'नव्या यंत्रणेत सतत बारीक शिट्टीसारखा आवाज असून तो दूर केल्याशिवाय चाचणी-काळ सुरू करू नये.' पहिली सही आमच्या घरातली.

संध्याकाळी मी विषय काढलाच. "चार मिनिटं तारा मेल्या तेव्हा तूच घरी येऊन सुन्न बसली होतीस ना? मग आता नवं येतंय तर पाय का ओढताय?"

"पाय नाही ओढत, बाबा. यंत्र लावून मोजा एवढंच म्हणतोय आम्ही."

"मोजायला मी आहे."

"यंत्राने मोजा, असं म्हणतेय मी."

"यंत्र माझ्यापेक्षा शहाणं?"

ही म्हणाली, "अहो, जेवून घ्या आधी." मग मुलगी ताट उचलत म्हणाली, "तुम्ही डॉक्टरकडे कधी गेला होतात शेवटचं?"

मला काय झालंय? साठी उलटून दोन वर्षं झाली, अजून जिने चढतो. विषय बदलायची ही तऱ्हा तिच्या आईकडून आली आहे.

१२ मार्च, बुधवार

समिती. अध्यक्षांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. "एका बाजूला सतरा सह्या. दुसऱ्या बाजूला आपले," म्हणजे मी, "तीस वर्षांचे कान. काय करायचं?"

यंत्राने मोजण्याचा मुद्दा निघाला. तर कळलं की खात्याकडे मापक आहे! नऊ वर्षांपूर्वीच घेतलाय. पण तो कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली ज्या अधिकाऱ्याच्या नावावर आहे त्याची बदली झालीय. कुलूप तोडायचं तर अभिलेख विभागाची परवानगी हवी, कारण त्याच कपाटात त्यांच्या दोन फायली आहेत. परवानगीला सहा आठवडे. डोक्याला हात लावला मी.

"सहा आठवडे थांबलो तर या वर्षाचा निधी परत जाईल," सदस्य-सचिव म्हणाले.

"आणि जुन्या तारा आणखी वर्षभर," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रकाना चौदा पुढे ओढला आणि लिहिलं: 'ऐकले. स्वच्छ. कोणताही आवाज नाही.' खाली सही.

बाराशे हेडसेट मिळणार नसते तरी मी हेच लिहिलं असतं का? परत येताना गाडीत स्वतःला विचारलं. हो, लिहिलं असतं. मला जे ऐकू आलं तेच लिहिलंय. म्हणजे जे ऐकू आलं नाही ते. पण मुलगी खोटं का बोलेल, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. ती लहानपणी फुटलेली कपबशीसुद्धा स्वतःहून आणून दाखवायची.

३१ मार्च, सोमवार

उद्घाटन. मंत्र्यांनी लाल बटण दाबलं आणि टाळ्या झाल्या. बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. यंत्रणा सकाळी सहालाच सुरू झाली होती. योजनेचं नाव अजून ठरलेलं नाही, म्हणून फलकावर नुसतं 'योजना' असं लिहिलं होतं.

मंत्री माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देशाचे कान!" फोटो निघाला. हिला दाखवला.

ही म्हणाली, "देशाचं ऐकता, घरचं तेवढं राहतं."

९ एप्रिल, बुधवार

मुलगी आज दुपारीच घरी आली. हातात मेमो.

काल ड्युटीच्या पाचव्या तासाला तिने हेडसेटचा एक कान वर सरकवला. डोकं ठणकत होतं म्हणे. नेमका तेव्हाच एका विमानाने उतरायची परवानगी मागितली, दोनदा. तिच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या खुर्चीवरून दाढीवाल्याने उत्तर दिलं. वीस सेकंदांचा मामला. विमान नीट उतरलं, आतल्या माणसांना काही कळलंही नसेल. पण ड्युटीवर दोन्ही कान झाकलेले हवेत हा नियम, आणि तो तिने मोडला. चौकशी होईपर्यंत तिचा परवाना जमा. चौकशी एकवीस तारखेला. दोषी ठरली तर परवाना कायमचा गेला. नऊ वर्षांची नोकरी.

मेमोतलं तिसरं वाक्य तसंच उतरवून ठेवतो: 'श्रवण-शेऱ्यानुसार सदर यंत्रणेत कोणताही आवाज नसल्याने, शिट्टीच्या आवाजामुळे डोकेदुखी झाल्याचा आपला खुलासा ग्राह्य धरता येत नाही.'

माझंच वाक्य. माझ्याच मुलीला.

"कान कशाला काढलास?" मी एवढंच विचारू शकलो.

"सहन होत नव्हतं म्हणून."

"पण आवाज नाहीये गं त्यात!"

तिने मेमोची घडी घातली. मग म्हणाली, "बरं, बाबा." आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१० एप्रिल, गुरुवार

खात्यात गेलो. मापकाचं विचारलं. परवानगीचा अर्ज अभिलेख विभागात पोचला आहे, पण तो चुकीच्या रंगाच्या फायलीत गेल्याने परत येणार आहे. कुठल्या रंगाची फाइल हवी? ते परत आल्यावर कळेल.

तिथून स्लाइडकरकडे. त्याला बाजूला घेतलं. "खरं सांगा. तुम्हाला ऐकू आली का शिट्टी?"

तो घुटमळला. "साहेब, आमच्या कार्यशाळेत नव्हती. टॉवरच्या वीजपुरवठ्यावर जोडल्यावर काहीतरी किंचित आहे असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही स्वच्छ म्हणालात. तुमच्यापुढे मी कोण?"

"आणि अध्यक्ष?"

"ते मला म्हणाले, माझेच कान वाजत असतील."

वैताग आला. सगळीच्या सगळी बेणी माझ्या तोंडाकडे बघत बसली होती! पण त्यांना ऐकू आली असेल तर मला का नाही? हेडसेट माझा, यंत्रणा तीच, खोली तीच. आमच्याच हेडसेटमध्ये काही खोट असेल काय? सोमवारी कारखान्यात एकेक नग नीट लावून पाहतो.

१४ एप्रिल, सोमवार

सावकाश लिहितो.

आमच्याकडे सूर काढणारी एक पेटी आहे. मीच बांधलेली, पंचवीस वर्षं जुनी. मूठ फिरवली की खालच्या घुमण्यापासून वरच्या बारीक शिट्टीपर्यंत सूर चढत जातो. हेडसेट तिला जोडून तपासतात. आज मिस्त्रींना म्हटलं, मी स्वतः तपासतो. मिस्त्री माझ्याकडे एकवीस वर्षं आहेत, मीच शिकवलेले.

मूठ फिरवली. घूं, मग ऊं, मग ईं, मग अर्ध्याच्या थोडं पुढे आवाज बंद. हेडसेट बदलला. बंद. तिसरा. बंद.

"मिस्त्री, पेटी गेली."

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटी उघडली. आत सगळं ठीक. म्हटलं, सरळ भोंग्यावर घेऊ, मग कळेल. भोंगा जोडला, मूठ तिथेच ठेवली आणि आवाज पूर्ण वाढवला. काहीच नाही. "बघा, मेलीय की नाही?" असं म्हणत मी वळलो.

जुळणीच्या टेबलावर पाच बायका बसतात. पाचही जणींनी दोन्ही हातांनी कान गच्च दाबले होते. एकीने डोळेही मिटले होते.

मिस्त्रींनी हात पुढे करून पेटी बंद केली. बायकांनी हात खाली घेतले आणि भराभरा कामाला लागल्या, माझ्याकडे न बघता. सगळ्या एकदम. सवय असल्यासारख्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली असतील, साहेब."

"आणि माल? मी पास केलेला?"

"तुम्ही गेलात की मी पुन्हा लावून पाहतो."

"मला सांगायचं नाही?"

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "आवाज कसा ऐकायचा ते तुम्ही शिकवलंत मला. कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांनी टेबलाच्या खणातून एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी उघडली नाही. अजून उघडलेली नाही.

१६ एप्रिल, बुधवार

कानाच्या डॉक्टर. तरुण बाई, हातावर घड्याळ मोठं. मला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. "सूर ऐकू आला की दाबा, काका."

दाबत होतो. मग सूर थांबले. मी वाट पाहत बसलो. बराच वेळ झाला, वाटलं बाई चहाला गेल्या. काचेतून पाहिलं तर समोरच बसलेल्या, बोट कळीवर, माझ्याकडे बघत.

कागदावर रेघ आली. सुरुवातीला सपाट, मग विहिरीत पडावी तशी सरळ खाली. सेकंदाला चार हजार कंपनांच्या सुरावर. त्याच पट्ट्यात ती शिट्टी असणार. मोठ्या आवाजाजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचं असंच होतं म्हणाल्या. हेडसेट पूर्ण आवाजात लावून तपासता का कधी, असं विचारलं. गेली चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?

"पण मला माणसांचं सगळं ऐकू येतं," मी म्हणालो.

"तुम्ही बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघता, काका. मघापासून बघताय."

घरी आलो. टेबलावर मुलीचा चौकशीसाठीचा जबाब पडला होता, सात पानं. वाचला. शिट्टीबद्दल आहे, डोकेदुखीबद्दल आहे, सतरा सह्यांबद्दल आहे, कपाटातल्या मापकाबद्दलसुद्धा आहे. माझ्या कानांबद्दल एक अक्षर नाही. एका ओळीत सुटली असती, ती ओळच तिने लिहिलेली नाही.

हिला विचारलं, "तुम्हा दोघींना माहीत होतं?"

"पहिली किटली जळली तेव्हापासून," ही म्हणाली. "म्हणजे पहिली. तुम्ही पहिली समजता ती तिसरी."

१८ एप्रिल, शुक्रवार

समितीपुढे डॉक्टरांचा कागद ठेवला. उभा राहून सांगितलं, "माझा शेरा चुकीचा आहे. मागे घेतो."

कुणी तरी रागावेल असं वाटलं होतं. रागावलं कुणीच नाही. सदस्य-सचिवांनी नियमावली चाळली आणि म्हणाले, "शेरा देण्याची तरतूद आहे. मागे घेण्याची नाही."

"मग नवा देतो. 'मला ऐकू येत नाही', असं लिहितो."

"तसं लिहिलं तर तो शेरा ग्राह्य कसा धरणार? ज्याला ऐकू येत नाही त्याचा श्रवण-शेरा?"

त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. हसू की रडू ते कळेना.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ केला. "हे बघा, तुमचा एक शेरा गेला की मागचे सगळे संशयात जातील. बावीस विमानतळ आहेत. तुमचे बाराशे हेडसेटही अडकतील. आपण असं लिहू: 'यंत्रणा समाधानकारक, काही बाबींवर यथावकाश पुनर्विचार.' मुलीचंही बघू आपण. वरून सांगतो कुणाला तरी."

"तुम्हाला ऐकू आली होती ना शिट्टी? चार मार्चला?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"साहेब," मी म्हणालो, "तुमचे कान चांगले आहेत. माझ्या तोंडाकडे कशाला बघत होतात?"

मी बाहेर पडलो. स्लाइडकर जिन्यापर्यंत मागे आला. म्हणाला, "साहेब, वीजपुरवठ्यात एक गाळणी बसवली की शिट्टी जाईल. माझ्या माणसांनी काल शोधून काढलं. पण बिघाड आहे असं कुणी कागदावर म्हटल्याशिवाय मला बसवता येत नाही."

"म्हणेल कुणीतरी. सोमवारी," मी म्हणालो.

२१ एप्रिल, सोमवार

चौकशी. लांब टेबलामागे तीन अधिकारी. मुलगी एकटी खुर्चीवर, पाठ ताठ. मला बोलावलेलं नव्हतं. मी आत गेलो.

"बाबा, नको," ती म्हणाली. ओठांकडे न बघताही कळलं असतं.

मी डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. म्हणालो, "मेमोत जे वाक्य आहे ते माझं आहे. मी बहिरा आहे, म्हणजे त्या सुराला बहिरा आहे. मला ते माहीत नव्हतं. हिला माहीत होतं आणि हिने लिहिलं नाही. सतरा जणांना ऐकू आलं ते खरं."

मधले अधिकारी म्हणाले, "तुम्ही मुलीला वाचवण्यासाठी असं म्हणत नाही कशावरून?"

"कागदावरून. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तीच चूक सगळ्यांनी तीस वर्षं केली."

कागद तिघांनी फिरवून फिरवून पाहिला. कागद त्यांना कळतो. डावे अधिकारी पुटपुटले, "कपाट उघडा आता एकदाचं." पुटपुटणं ऐकू आलं मला. खालचे सूर अजून शाबूत आहेत.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "तुमचं नाव गेलं, बाबा."

"तुझा परवाना जात होता."

"मी दुसरी नोकरी शोधली असती."

"मीपण शोधतो. रेडिओ उघडता येतात मला."

तिला हसू आलं. मग तिने नाक पुसलं आणि माझ्या डाव्या बाजूने चालत होती ती वळसा घालून उजव्या बाजूला आली. माझा उजवा कान जरा बरा आहे. कागदावर तसं लिहिलंय. तिला ते आधीच ठाऊक होतं.

२९ एप्रिल, मंगळवार

अभिलेख विभागाची परवानगी आली. कुलूप तोडायला चार मिनिटं लागली. आत मापक होता, वेष्टनातला. ज्या दोन फायलींसाठी एवढा घोळ घातला, त्या नव्हत्याच. त्या बदली झालेला अधिकारी बरोबर घेऊन गेला असावा.

मापकाने शिट्टी पहिल्याच फटक्यात दाखवली.

१३ मे, मंगळवार

मुलीचा परवाना परत मिळाला. कालपासून कामावर. मेमो मात्र रद्द झाला नाही. एक कान सरकवला होता हे खरंच होतं, म्हणून 'समज देण्यात आली' असा शेरा फायलीत राहणार.

गाळणी बसली. मिरीच्या दाण्याएवढी वस्तू. दाढीवाल्याने निरोप पाठवला: सहा तास ऐकलं, डास मेला.

रकाना चौदा तसाच आहे, कारण छापील नमुना बदलायला वेगळी समिती लागते. त्यात आता मापकाचा आकडा लिहितात. माझ्या मागच्या शेऱ्यांची फेरतपासणी सुरू झाली आहे. ती संपेपर्यंत बाराशे हेडसेटचं काम थांबलंय. समितीतून मी राजीनामा दिला. तो स्वीकारायचा की नोंदवायचा यावर पुढच्या बैठकीत चर्चा आहे.

संध्याकाळी मिस्त्रींची निळी वही उघडली. तारीख, नगाचा क्रमांक, दोष, पुन्हा केव्हा दुरुस्त केला. बारीक, नीटनेटकं अक्षर. कुठेही माझं नाव नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलने बेरीज होती, ती मी दोनदा करून पाहिली.

चार वर्षांत मी पास केलेले आणि मिस्त्रींनी मागे काढलेले नग: चारशे बारा.